एल.सी.पी.एस. गेले, गावचा डॉक्टर गेला

माझे आजोबा पाटण तालुक्यातले एल.सी.पी.एस., म्हणजे लायसेन्शिएट डॉक्टर. मॅट्रिक झाल्यावर पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये शिकले आणि मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची परीक्षा देऊन 1936 साली गावाकडे परतले. हे मेडिकल स्कूल 1878 चं, परीक्षा घेणारी संस्था 1912 ची. विद्यापीठाची एम.बी.बी.एस. लांबची आणि खर्चाची. लायसेन्शिएटचा अभ्यासक्रम त्याहून आखूड, म्हणून शेतकऱ्या-कारकुनांच्या घरातली मुलं तो करू शकत. अशी मुलं शिकून बहुधा आपल्याच मुलखात परतत.

आजोबांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर बाकडं, आत टेबल, पडद्यामागे कंपाउंडर. तो मिक्श्चर ढवळून बाटलीत भरायचा आणि कागदाची पट्टी कात्रीने कातरून बाटलीवर डोसांच्या खुणा चिकटवायचा. सिरिंज स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. पैसे सुगीला. कुणी भात आणून टाकी, कुणी नाचणी. अडलेल्या बाळंतिणीचा निरोप आला की आजोबा बॅग उचलून डोंगरातल्या वाडीकडे चालू लागत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा उजाडायच्या आत दवाखान्याच्या अंगणात जखमी माणसं आणून टाकली होती. ते अंगण मला अजून दिसतं.

आजोबांसारख्यांची संख्या थोडीथोडकी नव्हती. स्वातंत्र्याच्या तोंडावर देशात सुमारे 47,500 नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांतले जवळजवळ 30,000 लायसेन्शिएट, पदवीधर साडेसतरा हजारांच्या आसपास. म्हणजे दर तीन डॉक्टरांमागे दोन आजोबांच्या जातकुळीतले. हे आकडे सर जोसेफ भोर यांच्या समितीचे. समिती 1943 मध्ये नेमली गेली, अहवाल 1946 मध्ये आला. तेव्हा साधारण 6,300 माणसांमागे एक डॉक्टर होता.

याच समितीने लायसेन्शिएटचा अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं. देशाला एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर हवा आणि जो पैसा आहे तो त्याच्यावरच खर्च व्हावा, असं समितीचं म्हणणं. काही सदस्यांनी अहवालाला भिन्नमत जोडलं, डॉक्टरांची एवढी चणचण असताना हा मार्ग इतक्यात बंद करू नका म्हणून. त्यांचं ऐकलं गेलं नाही. 1946 मध्येच बी. जे. स्कूलचं कॉलेज झालं.

समितीच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. लायसेन्शिएटांनाही आपला कमीपणा सोसवत नव्हता. 1933 च्या मेडिकल कौन्सिल कायद्याने त्यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवलं होतं, ते आजोबांच्या मनाला फार लागलं होतं. दर्जा वाढवा ही त्यांच्या संघटनेचीच मागणी होती. पुढे कमी मुदतीचा अभ्यास करून एम.बी.बी.एस. होण्याची सोय झाली, तेव्हा आजोबांच्या बरोबरीचे काहीजण गेले. आजोबा गेले नाहीत, कारण तेवढे महिने दवाखान्यात बसायला दुसरं कुणी नव्हतं.

माझ्या मते चूक दर्जा वाढवण्यात झाली नाही. जुना डॉक्टर बंद केला, पण त्याच्या जागी नवा डॉक्टर खेड्यात राहील याची तजवीज केली नाही, ही चूक. 1952 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. तीस हजार वस्तीला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांना एक, असा पुढे निकष ठरला. इमारती झाल्या. पण एम.बी.बी.एस. ही पुढच्या स्पेशालिटीची पायरी होऊन बसली. खासगी कॉलेजांत लाखो रुपये भरून शिकलेला मुलगा आमच्या घाटात कशाला येईल? त्याला दोष देणं मला पटत नाही.

आजोबांच्या हाताखाली तयार झालेल्या एका बी.ए.एम.एस. डॉक्टरांनी तो दवाखाना पुढे कितीतरी वर्षं चालवला. तालुक्यातली आरोग्यसेवा आज बरीचशी अशाच डॉक्टरांवर उभी आहे, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. आता तेही थकले आणि शटर उतरलं.

माझी आई नव्वदीला टेकली आहे. बी.पी. एका डॉक्टरांकडे, साखर दुसऱ्यांकडे, गुडघे तिसऱ्यांकडे, आणि सगळे कराडला. सल्फाची गोळी तिला चालत नाही, अंगावर फोड येतात, हे जुन्या डॉक्टरांना तोंडपाठ होतं. आता प्रत्येक केबिनमध्ये मलाच ते सांगावं लागतं. घरी येऊन बघणारा डॉक्टर मी तालुकाभर शोधला, मिळाला नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात बाँडवर आलेली तरुण मुलगी मन लावून तपासते. पण तिची मुदत संपत आली आहे, आणि पुढे कोण येणार हे तिथे कुणालाच सांगता येत नाही.

जनरल प्रॅक्टिस ही स्वतंत्र विद्या म्हणून शिकवावी, ती करणाऱ्याला स्पेशालिस्टच्या तोडीचा पगार आणि मान द्यावा, ही मागणी सरकारकडे करायची आहेच. पण गावालाही काही करता येईल. डॉक्टरला राहायला नीट घर, चोवीस तास पाणी, मुलांच्या शाळेची सोय, एवढं ग्रामसभेच्या ठरावात येऊ द्या. तुमच्या गावात जुना डॉक्टर अजून बसत असेल, तर त्यांच्यामागे कोण येणार हे आजच विचारा. शटर उतरल्यावर विचारून उपयोग नाही.