विरजणातलं जर्मन आडनाव

डब्यावरचं बारीक अक्षर वाचायची खोड मला दह्यापर्यंत घेऊन गेली. घटकांत लिहिलं होतं : लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी, उपजात बल्गेरिकस. बल्गेरिकस कळलं. स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हात मायदेशीच्या दह्यात हा जिवाणू पाहिला, हे सगळीकडे छापलेलं असतं. पण दह्यात हा डेलब्रुक कुठून पडला?

तो निघाला दारूभट्टीचा जाणकार! माक्स डेलब्रुक, बर्लिनचा किण्वनतज्ज्ञ. (नोबेलवाला माक्स याचा पुतण्या, मी आधी त्यालाच धरून बसलो होतो.) लाइखमानने १८९६ साली एका जिवाणूला त्याचं नाव दिलं. या जातीचा नमुना-वाण आंबलेल्या धान्याच्या लापशीतला. दुधाशी त्याचा संबंध नाही. दुधातल्या साखरेकडे तो सहसा ढुंकून बघत नाही, त्याला उसाची साखर लागते. बल्गेरिकसचं नेमकं उलट. म्हणून दोघं वेगळ्या जाती मानल्या गेल्या. पुढे वाइस, शिलिंगर आणि कांडलर यांनी दोघांच्या डीएनएचे धागे सुटे करून एकमेकांत मिसळले, तर ते घट्ट जुळले. जात एकच ठरली. नियमाने जुनं नाव टिकतं, त्यामुळे १९८४पासून बल्गेरिकस नुसती उपजात उरली.

मला हा निकाल आधी अन्यायच वाटला. दह्यातल्या जोडीदाराला, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसला, त्याच सुमारास असंच खाली ढकललं होतं. पण १९९१ साली डीएनए आणि गुणधर्म पुन्हा तपासून त्याला जात परत मिळाली. मग यालाच का नाही?

आता मात्र मी डेलब्रुकच्या बाजूचा. २००६ साली बल्गेरिकसचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात मोडून पडलेली जनुकं ढिगाने सापडली. संशोधकांचा कयास असा, की वनस्पतींवरचा हा जीव दुधात राहायला आला आणि नको ते सामान टाकत गेला. २००७ साली बल्गेरियातल्या झाडपाल्यावरूनही तो मिळाला. विरोधक म्हणतील, पानावर तो गुराख्याच्या हातूनच गेला असेल. असेल. तरी माझ्या मते दूध हे त्याचं सासर. माहेर लापशीच्याच बाजूला.

२००५ साली भारतीय दुग्धपदार्थांतून या जातीची चौथी उपजात नोंदवली गेली. नाव इंडिकस. आडनाव अर्थातच डेलब्रुकी.