केडगावचे मुक्तिसदन

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. भीमेच्या दक्षिणेस दौंड तालुका, उत्तरेस शिरूर. पर्जन्यमान दोहोंकडे बेताचेच. अशा कोरड्या मुलखात दुष्काळाने अनाथ झालेल्या शेकडो मुलींना आसरा मिळाला. तो देणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) विदुषी म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु पीडित बालकांची सेवा हे त्यांचे कार्यही तितकेच थोर होते.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. उपासमार त्यांना ऐकून माहीत नव्हती. तरुणपणी अशाच दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण निवर्तली होती. तेथे त्यांना दिसले ते असे, की भुकेइतकाच मुलींचा दुसरा वैरी माणूसच आहे. मूठभर धान्याच्या आमिषाने पोरक्या मुलींना कुमार्गास लावणारी माणसे गावोगाव हिंडत होती. सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना त्यांनी तेथून आणले.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर झाला. गर्दी वाढू नये म्हणून नव्या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली आणि केडगावी घेतलेली जमीन कामी आली. प्लेगच्या व्यवस्थेत आपल्या आश्रमातील एका मुलीची दुर्दशा झाल्याची तक्रार रमाबाईंनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून जाहीरपणे केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती अमान्य केली. तथापि एका निराधार मुलीसाठी सरकारला जाब विचारणारे कोणी आहे, हे लोकांना दिसले.

१९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तिसदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. नुसते अन्न घालून भागणार नव्हते. भ्यालेल्या, आजारी, कोणावरही विश्वास न ठेवणाऱ्या नव्या मुली शारदासदनातील जुन्या विद्यार्थिनींच्या हाती सोपविल्या जात. पुढे शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना असे ज्याचे त्याचे काम शिकविले जाई. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निराळे होते. आंधळ्यांना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम कन्या मनोरमाबाईंनी केले.

या कार्यावर आक्षेपही आले. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ साली रानडे व भांडारकर शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते, आणि मुक्तिसदन तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तो वाद निराधार म्हणता येत नाही. परंतु जे त्यावेळी टीका करीत होते, त्यांपैकी किती जणांची दारे त्या मुलींना उघडी होती, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

संस्था आजही चालू आहे. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षण कायद्याने मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा असे ठरविले. मुलाचे ऐकून घेणे हा त्याचा हक्क आहे, हे कायद्याने मान्य केले ते रमाबाईंच्या त्या पत्रानंतर ११५ वर्षांनी.