पदवीचे पहिले वर्ष : पर्याय अनेक, सल्ला कोणाचा?

पदवी अभ्यासक्रमाच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्याला पूर्वी एकच मोठा निर्णय घ्यावा लागे. कला, वाणिज्य की विज्ञान, एवढे ठरले की पुढील बहुतेक विषय विद्यापीठच ठरवीत असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आणि त्यानुसार नवी श्रेयांक रचना महाराष्ट्रातील अनेक स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तेव्हापासून हा एक निर्णय अनेक लहान निर्णयांत विभागला गेला आहे. प्रत्येक सत्राच्या आरंभी विषयांची यादी हाती येते आणि तीवर खुणा करण्यास मोजकेच दिवस मिळतात. घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नसेल, तर या खुणा शेजारी बसलेल्या मित्राची यादी पाहून केल्या जातात.

रचना समजून घेणे फारसे अवघड नाही. साधारणतः पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक मिळतो. प्रात्यक्षिकांसाठी तीस तास धरतात. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक मिळवायचे असतात. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांक लागतात. मुख्य विषय, त्याच्या जोडीचा दुय्यम म्हणजे मायनर विषय, अन्य विद्याशाखेतून घ्यावयाचा खुला ऐच्छिक विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली आणि मूल्यशिक्षण अशी त्यांची वाटणी असते.

खरा पेच मुख्य आणि दुय्यम विषयांचा आहे. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय समान श्रेयांकांचे घेऊन त्यांतील मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभी निश्चित करता येतो. अन्यत्र तो प्रवेशाच्या वेळीच ठरतो. आपल्या विद्यापीठाचा नियम कोणता, हा विद्यार्थ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न होय. कारण पहिल्या वर्षी जो विषय घेतलाच नाही, तो पुढे मुख्य विषय म्हणून मिळणे दुरापास्त असते.

अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेता येईल. पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या नामांकित संस्थांच्या प्रवेश परीक्षांत कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र यांवर भर असतो. तिने दुय्यम विषय म्हणून गणित वा संख्याशास्त्र निवडले, तर तीन वर्षांत ही तयारी आपोआप होते. केवळ सोपा म्हणून दुसरा विषय निवडला, तर तीच तयारी पदवीनंतर खासगी शिकवणीचे पैसे भरून करावी लागते. शिक्षकी पेशाकडे जाऊ इच्छिणाऱ्याच्या बाबतीतही असेच आहे. शाळेत शिकविला जाणारा विषय पदवीला असेल, तर बी.एड.चा मार्ग सुकर होतो. ही माहिती माहितीपुस्तिकेत क्वचितच आढळते. ती त्या विषयाच्या प्राध्यापकाकडे असते आणि विचारल्याखेरीज मिळत नाही.

पहिल्या वर्षाच्या गुणांना महत्त्व नाही, हा समजही आता घातक ठरतो. काही विद्यापीठांत पूर्वी अंतिम श्रेणी केवळ तिसऱ्या वर्षाच्या गुणांवर ठरत असे. त्या काळात हा समज रुजला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घ्यावयाची असेल, तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. सहा सत्रांत पहिली दोनही आली. एटीकेटीवर निभावून नेलेले पहिले वर्ष चौथ्या वर्षी असे आडवे येऊ शकते.

एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याच्या सोयीचा बराच गाजावाजा झाला. पहिल्या वर्षाचे श्रेयांक आणि अधिक चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम वा प्रशिक्षण पूर्ण केल्यास हे प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. आजारपण किंवा घरातील आपत्ती ओढवली तर ही सोय मोलाची आहे. तथापि, अशा प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात अद्याप स्थिर मोल आलेले नाही. केवळ फी भरणे अशक्य झाले म्हणून बाहेर पडण्याचा विचार असेल, तर त्याआधी शिष्यवृत्तीच्या सर्व वाटा तपासून पाहणेच शहाणपणाचे.

हे सारे सांगायचे कोणी? कागदोपत्री याची व्यवस्था आहे. अनुदान आयोगाने २०१५ च्या विद्यार्थी सुरक्षाविषयक सूचनांत पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक-समुपदेशक असावा असे सुचविले होते. २०१९ मध्ये नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ हा परिचय कार्यक्रम आखून दिला. ‘नॅक’ही मूल्यांकनात मार्गदर्शक शिक्षक व विद्यार्थी यांचे प्रमाण पाहते. त्यामुळे बहुतेक महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एखाद्या ‘मेंटॉर’चे नाव लिहिलेले असते. कित्येकदा त्या दोघांची भेट मात्र समितीच्या दौऱ्याआधी फाइलवर सह्या घेण्यापुरतीच होते. दोष एकट्या शिक्षकांचा नव्हे. रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील नेमणुका असताना एकेका शिक्षकाकडे शंभरावर विद्यार्थी आले, तर सल्ल्यासाठी वेळ उरत नाही. म्हणूनच आपला मेंटॉर कोण, हे सूचनाफलकावरून शोधून पहिल्या महिन्यातच त्यांना भेटणे विद्यार्थ्याच्या हिताचे आहे. जाताना ‘सर, काय घेऊ?’ एवढा मोघम प्रश्न न नेता दोन-तीन पर्याय लिहून न्यावेत. शिक्षकालाही नेमके उत्तर देणे सोपे जाते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची अडचण निराळी असते. वर्गात इंग्रजी व्याख्यान, हाती इंग्रजी पुस्तक, आणि शंका विचारण्याचा संकोच. अनेक विद्यापीठांत कला व वाणिज्य शाखांतील बऱ्याच विषयांची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, हे त्यांना परीक्षेच्या तोंडावर कळते. परीक्षेचा अर्ज भरतानाच माध्यमाची नोंद करावी लागते, याकडे लक्ष असावे.

संधींचीही गाठ वेळेशीच आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तीत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. राष्ट्रीय छात्र सेनेत ‘सी’ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचायचे तर पहिल्याच वर्षी नाव नोंदविणे श्रेयस्कर. दुसऱ्या वर्षी जाग आली तर पदवी संपेपर्यंत तो टप्पा गाठणे कठीण होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चालणाऱ्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालय, प्रयोगशाळा वा कार्यालयात रोज काही तास काम करून मानधन मिळविता येते. विज्ञानाची ओढ असणाऱ्यांसाठी मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००४ पासून आहे, तर राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून. ‘आविष्कार’मध्ये पदवी विद्यार्थ्यांचा गट स्वतंत्र असतो, तरीही प्रथम वर्षाचे विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, शुल्क पडते ते परीक्षेचे. मात्र त्याचे श्रेयांक आपले महाविद्यालय स्वीकारते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरावे लागतात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात लागणारा वेळ लक्षात घेता तो प्रवेशाबरोबरच काढलेला बरा.

उरते ती शैक्षणिक श्रेयांक पेढी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत प्रत्येक विद्यार्थ्याचा बारा अंकी क्रमांक असतो आणि मिळविलेले श्रेयांक त्याखाली जमा होतात. नावाचे स्पेलिंग आधार पत्रावर एक, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, असे असल्यास नोंद अडकते. पहिल्या सत्राचे श्रेयांक जमा झाले की नाहीत, हे दुसरे सत्र संपण्यापूर्वीच पाहावे. तोवर चूक महाविद्यालयाच्या कार्यालयात दुरुस्त होण्याची शक्यता असते, नंतर विद्यापीठाच्या खिडकीपुढे रांग लावावी लागते.