कंगव्यातले केस आणि तीन महिन्यांचं कोडं

आजची गोष्ट बाथरूमच्या जाळीपासून सुरू करू. डिप्रेशनची गोळी सुरू होऊन दोन-तीन महिने झालेत. झोप लागतेय, कामात लक्ष लागतंय. आणि एक दिवस जाळीवर केसांचा हा एवढा पुंजका! कुणी म्हणतं पाणी बदललं, कुणी म्हणतं शाम्पू बदल. गोळीचं नाव सहसा कुणी घेत नाही. असं का?

जरा मागे जाऊ. १९५२ साल, न्यूयॉर्कमधलं सी व्ह्यू हॉस्पिटल. तिथे टीबीच्या पेशंटना इप्रोनायाझिड नावाचं नवं औषध देऊन बघत होते. आणि थकलेली माणसं एकदम हसायला-बोलायला लागली. वॉर्डात नाचणाऱ्या पेशंटचे फोटो पेपरात आले! म्हणजे डिप्रेशनवरचं हे अगदी सुरुवातीचं औषध मुळात टीबीच्या औषधाचा साइड इफेक्ट. १९५७ पासून ते डिप्रेशनसाठी वापरू लागले. पण त्याने लिव्हर बिघडतं, कावीळ होते हे दिसलं आणि १९६१ मध्ये अमेरिकेत ते बंद झालं.

कावीळ डोळ्यांत दिसते. केसांचं तसं नाही. त्याच १९६१ मध्ये अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने या केसगळतीला नाव दिलं: टेलोजेन एफ्लुव्हियम. डोक्यावरचे बहुतेक केस वाढत असतात, थोडे विश्रांती घेत असतात. मोठा ताप, बाळंतपण, जबर ताण किंवा एखादं औषध, अशा धक्क्याने खूप केस एकदम विश्रांतीला जातात. पण गळतात दोन-तीन महिन्यांनी! आज गळलेला केस जुनी बातमी सांगत असतो. त्यात डिप्रेशनमध्ये ताण असतो, जेवणही धड जात नाही. मग दोष आजाराचा की गोळीचा?

१९८७ च्या शेवटी अमेरिकेत प्रोझॅकला परवानगी मिळाली. अशा गोळ्या लाखो लोक घेऊ लागले आणि केस गळाल्याच्या एकेका पेशंटच्या नोंदी वैद्यकीय मासिकांत येत गेल्या. गंमत बघा, १९८८ मध्ये मिनॉक्सिडिल टकलावरचं औषध म्हणून मंजूर झालं. ते मूळचं बीपीचं औषध, केस वाढणं हा त्याचा साइड इफेक्ट! फायद्याचा साइड इफेक्ट पटकन बाजारात आला. जाळीवरच्या पुंजक्याचा मोठा हिशोब व्हायला मात्र २०१८ उजाडलं. तेव्हा कॅनडातल्या संशोधकांनी अशा गोळ्या सुरू केलेल्या १० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांत केसगळतीचा धोका सगळ्यात जास्त निघाला, फ्लुऑक्सेटिन आणि पॅरोक्सेटिनमध्ये कमी. याचा अर्थ प्रत्येकाचे केस गळतात असा नाही हं, बहुतेकांचे गळत नाहीत.

मग केस गळाले तर करायचं काय? गोळी मनाने बंद करू नका. एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थपणा येऊ शकतो आणि आजार परत डोकं वर काढू शकतो. त्यापेक्षा दोन तारखा मोबाइलमध्ये लिहून ठेवा: गोळी कधी सुरू झाली, केस कधी गळायला लागले. त्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, लोह तपासता येतं, डोस किंवा औषध बदलता येतं. कारण दूर झालं की असे केस बहुधा परत येतात, फक्त काही महिने धीर धरावा लागतो.

आणि "केसांचं काय एवढं!" असं कुणी म्हणालं, तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका. टीबीच्या वॉर्डात पेशंट हसले, ते कुणीतरी बघितलं, म्हणूनच तर ही औषधं आली. तुमचं बघणंही तितकंच मोलाचं आहे. भेटू पुढच्या भागात!