दुपारी नळ का अडतो?

विदर्भ-मराठवाड्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की वरच्या मजल्यावरून हमखास एक तक्रार येते. गच्चीवरची टाकी भरलेली असते, तरीही नळ फुसफुसतो, थोडी धार धरतो आणि थांबतो.

सर्वप्रथम एकच नळ अडतो की सगळे, हे पाहावे. एकच असेल तर तोंडाची जाळी उघडून पाहावी. बोअरच्या पाण्यातील क्षार तेथे साचतात. सगळेच अडत असतील, तर संशय पाइपमध्ये अडकलेल्या हवेवर घ्यावा.

पाणी जितके तापते तितकी त्यात विरघळलेली हवा कमी मावते. उन्हात उघड्या पडलेल्या पाइपमधील पाणी दुपारभर स्थिर राहते, त्यातून हवेचे बुडबुडे सुटतात आणि पाइपच्या उंच भागात जमतात. कठड्यावरून चढवून खाली उतरवलेली पाइप हे त्याचे नेहमीचे ठिकाण. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली तर हवा आणखी शिरते. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो दाब. वरच्या मजल्याला जेमतेम दोन-तीन मीटर उंची मिळते. एवढा दाब हवेचा गोळा ढकलायला अपुरा ठरतो. तळमजल्याला मात्र त्याची खबरही नसते.

तात्पुरता उपाय म्हणून टाकी भरून घ्यावी, वरचे नळ बंद ठेवावेत आणि त्याच लाइनवरील सर्वांत खालचा नळ काही मिनिटे पूर्ण सोडावा. महापालिकेच्या नळाला रबरी नळी लावून उलटे पाणी चढवण्याची युक्ती काही प्लंबर सुचवतात. ती टाळावी, कारण पालिकेचा दाब घटताच टाकीचे पाणी सार्वजनिक वाहिनीत जाऊ शकते.

कायमचा इलाज हवानळीचा. टाकीतून निघणाऱ्या पाइपच्या उंच भागावर टी बसवून उभी नळी टाकीतील पाण्याच्या कमाल पातळीच्या वर न्यावी, तोंड उघडे पण खाली वळवलेले आणि जाळीदार ठेवावे. सोलर हीटरची अशी नळी पाणी सांडते म्हणून बुचाने बंद करणे धोक्याचे असते. सांडण्याचे कारण शोधावे.

एवढे करूनही अडचण राहिली, तर पाइपचा उतार मध्येच उलटा झाला आहे का, हे प्लंबरकडून तपासून घ्यावे. पंप बसवण्याचा खर्च त्यानंतरचा.