ऐकणारे कोण? दलित स्त्रीचे प्रेम, वाचा आणि मराठी कथन

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. समोर बसलेल्यांत रुळांवर घाम गाळणारे गँगमन होते आणि गाऱ्हाणी नोकरीतली, अडवलेल्या बढतीची होती. ऐकणारा कामगार, म्हणून शत्रूही कामगाराचे. चार वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरच्या दलित महिला परिषदेत तेच वक्ते बोलले तेव्हा विषय घरात शिरला. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा, असे त्यांनी तिथे सांगितले. वक्ता तोच, समोरचे बदलले आणि बोलणे बदलले.

दलित स्त्रीचे प्रेम, तिची वाचा आणि तिचे स्वातंत्र्य यांचा मराठी साहित्यातला शोध घेताना मला ही दोन भाषणे शेजारी ठेवावीशी वाटतात. 'ती बोलू लागली' असे आपण कौतुकाने म्हणतो. ती कोणापुढे बोलू लागली, हे क्वचित विचारतो. माझे म्हणणे असे की, तिच्या कथनात काय आले आणि काय गळाले, याचा निर्णय बराचसा ऐकणाऱ्याने केला आहे, आणि सर्वांत आधी गळाले ते प्रेम.

मनमाडच्या परिषदेच्या आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, अमेरिकेत झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आली. नायिका जेनी हिची तीन लग्ने होतात. पहिले आजीने ठरवलेले. गुलामगिरी भोगलेल्या आजीला नातीसाठी प्रेम नको, आसरा हवा असतो. दुसरा नवरा गावाचा महापौर. तो तिला दुकानात बसवतो, केस फडक्यात बांधायला लावतो, चारचौघांत बोलू देत नाही. तिसरा टी केक, वयाने लहान, कफल्लक, हसरा. त्याच्यावर तिचे प्रेम बसते. तोही एकदा तिच्यावर हात उचलतो, आणि हर्स्टन ते झाकत नाही. शेवटी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने भ्रमिष्ट झालेल्या टी केकला स्वतःच्या बचावासाठी तिला गोळी घालावी लागते.

कथानकापेक्षा महत्त्वाची आहे ती बैठक. जेनी गावात परतते तेव्हा ओसरीवर बसलेले गाव तिच्या नावाने कुजबुजत असते. ती त्यांना काही सांगत नाही. मागच्या दारी बसून ती सगळी हकीकत एकट्या फीबीला, आपल्या मैत्रिणीला, सांगते. संपूर्ण कादंबरी म्हणजे हे सांगणे. फीबी न्याय करायला बसलेली नाही आणि जेनी तिच्यापुढे समाजाची प्रतिनिधी म्हणून उभी नाही. म्हणून तर मार, हौस, पश्चात्ताप, देहाचा आनंद हे सगळे तिला एका दमात सांगता येते. रिचर्ड राइट या मोठ्या कृष्णवर्णीय लेखकाने त्याच वर्षी या पुस्तकावर झोड उठवली. त्याला यात लढा दिसला नाही. पुढे ते पुस्तक दीर्घकाळ विस्मरणात गेले. १९७३ मध्ये ॲलिस वॉकरने हर्स्टनची बेनाम कबर शोधून तिथे दगड बसवला, तेव्हा कुठे तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले.

या दोन जगांचे नाते मराठीला नवे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव उचलले ते ब्लॅक पँथरवरून. पण हे आदानप्रदान मुख्यतः पुरुषांच्या लढ्याचे राहिले. पँथरच्या घरात आत काय चालले होते ते पँथर नेत्याच्या पत्नी मलिका अमरशेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनात सांगितले, आणि ते ऐकताना अनेकांना अवघडल्यासारखे झाले. राइटच्या हरकतीचा मराठी चुलतभाऊ आपल्याकडेही आहे, एवढेच इथे नोंदवतो.

आता मराठी कथेकडे, म्हणजे नाशिककडे वळू. कथाकार बाबुराव बागूल यांचा जन्म नाशिकजवळच्या विहितगावचा, १९३० चा. त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेची नोकरी आणि लपवलेली जात आहे. मनमाडच्या गँगमनला ती वेगळी समजावून सांगावी लागली नसती. पण आपल्या प्रश्नासाठी बागुलांची 'आई' ही कथा अधिक मोलाची. तरुण विधवा, वस्तीतली कुजबूज, मुकादमाशी जडलेला संबंध आणि शाळेत आईवरची कविता शिकताना टोमण्यांनी जळणारा तिचा मुलगा. दलित स्त्रीच्या देहाची आणि प्रेमाची भूक इतक्या थेटपणे त्याआधी मराठी कथेत क्वचितच आली होती. बागुलांना त्या बाईविषयी अपार कणव आहे. तरीही कथा पेटते ती मुलाच्या लाजेवर. त्या घरात तिचे ऐकून घेणारा एकच आहे आणि तो न्यायाधीश झालेला आहे. फीबी तिला मिळालेली नाही.

बाई स्वतः लिहू लागली तेव्हा फीबी मिळाली का? कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ चे; बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही १९८६ ची. शीर्षकांतली सर्वनामे पाहा. शांताबाई 'माज्या' म्हणतात आणि त्यांच्या पुस्तकात नवऱ्याने दुसरे लग्न केल्याचा घाव मास्तरणीच्या नोकरीच्या शेजारीच येतो. बेबीताई 'आमुचं' म्हणतात. त्यांच्यापुढे अख्खा महारवाडा आहे; सासुरवास येतो, सुनांचे हाल येतात, पण सगळ्यांचे म्हणून येतात. त्यांनी हे लिखाण वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. पुढे इंग्रजी अनुवादिका माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी सांगितले. पुस्तकात नाही ते एका बाईसमोर बसून सांगता आले. 'आमुचं' म्हटल्यावर घरातल्या माणसाचे नाव घेता येत नाही, कारण ते आपल्या लोकांविरुद्ध साक्ष दिल्यासारखे होते. तीही खोटी भीती नव्हे. साक्ष वापरायला टपलेले बाहेर पुष्कळ असतात.

प्रेमाच्या रिकाम्या जागी या पुस्तकांत काय बसते? शाळा आणि पगार. जेनीला स्वातंत्र्य मिळते ते दुसऱ्या नवऱ्यामागे राहिलेल्या घरामुळे आणि बँकेतल्या पैशामुळे. आपल्या नायिकांना वारशाचे घर नाही; त्यांना आहे शिक्षिकेची नेमणूक. आणि प्रेम आले तरी त्याचा हिशेब जात करते. कुमुदताई संस्कृत शिकल्या, आंतरजातीय विवाह केला. त्यांना सरकारी नोकरी मिळाली ती लग्नानंतरच्या आडनावावर, आणि त्या श्रेयाचा वाटा आपण त्या आडनावाला देतो, असे त्या कडवट हसून लिहितात. मराठीतल्या अनेक प्रेमकथांपेक्षा हे एक निरीक्षण मला प्रेमाबद्दल अधिक सांगते. नाशिकच्या शांताबाई दाणी यांनी लग्नच केले नाही. चळवळ, शाळा, विधान परिषद यांत आयुष्य गेले. त्यांचे 'रात्रंदिन आम्हा' (१९९०) भावना भार्गवे यांच्या शब्दांकनातून आले. इथे ऐकणारी बाई आहे खरी, पण तिच्या हातात कागद-पेन आहे आणि कागदापलीकडे सार्वजनिक शांताबाई आहेत.

म्हणून कथेची गरज. आत्मकथनात प्रत्येक नवरा खरा असतो, त्याला नातेवाईक असतात. कथेत तो कोणीही असू शकतो, आणि या आडोशाने जे बोलता येते ते कबुलीत बोलता येत नाही. उर्मिला पवार यांनी दोन्ही वाटा तुडवल्या. 'आयदान' (२००३) मध्ये प्रेमातून झालेले लग्न आहे, आणि बायकोचे शिक्षण, लेखन, सभा वाढू लागल्यावर त्याच नवऱ्याचे आक्रसत जाणेही आहे. विनोदाची फोडणी देत त्या हे सांगतात. ऐकणारा जवळचाच असावा अशी ती भाषा आहे. जेनी आणि फीबीच्या मागच्या दारापासून फार दूर नाही ही बैठक.

त्यांची 'कवच' ही कथा बागुलांच्या 'आई'समोर ठेवून वाचावी. इथेही मुलगा, इथेही शाळा, इथेही आईमुळे वाटणारी लाज. आई कोकणातली, आंबे विकणारी. गिऱ्हाइके आंब्यांवरून चावट बोलतात, पोराचे कान तापतात, आईने बाजाराला जाऊ नये असे त्याला वाटते. तो तिच्यासोबत जातो तो राखणदारासारखा. आणि बाजारात कोणी वाकडे बोलतो तेव्हा आई त्याच्याच बोलीत, त्याच्याहून खणखणीत उत्तर देते आणि आंबे विकते. बागुलांच्या कथेतल्या मुलाला जी बाई फक्त दिसली होती, ती इथल्या मुलाला ऐकू येते.