मँक्स शिअरवॉटर

(पफिनस पफिनस). गण प्रोसेलॅरिफॉर्मीस, कुल प्रोसेलॅरिडी. उत्तर अटलांटिकच्या बेटांवर वीण करून दक्षिण अमेरिकेपर्यंत जाणारा समुद्रपक्षी. वेल्सजवळची स्कोमर व स्कोखोम आणि स्कॉटलंडमधले रम ही याची मोठी ठाणी. भारतात तो येत नाही. पावसाळी वादळात कोकण किनाऱ्यावर येऊन पडणारे शिअरवॉटर त्याचे भाऊबंद.

पाठ काळी, पोट पांढरे. वजन सुमारे 400 ग्रॅम. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे 80 सेंमी. ताठ पंखांनी लाटांना लागून तरंगताना तो पंख फारसे हलवत नाही, काम वारा करतो. अन्न लहान मासे व माकुल. पोटात गेलेले जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी वेगळे करतात आणि ते नाकपुड्यांतून ठिबकत राहते.

जमिनीवर मात्र त्याची दैना होते. पाय अंगाच्या पार मागे असल्याने चालणे म्हणजे पोटावर सरपटणेच. गल पक्ष्यांना असे सावज फुकटचे. सकाळी बेटावर जागोजागी सोललेल्या सांगाड्याला लटकलेले दोन पंख तेवढे दिसतात. म्हणून घरटे बिळात आणि ये-जा रात्रीची. अंधाऱ्या रात्री हजारो पक्षी उतरतात आणि घोगऱ्या ओरड्याने बेट दणाणते. चांदणे असले की हालचाल मंदावते.

मादी मे महिन्यात एकच अंडे घालते. नर-मादी पाळीपाळीने ते सुमारे 51 दिवस उबवतात. पिल्लू खाऊन खाऊन आईबापांपेक्षा जड होते. शेवटी आईबाप खाऊ घालणे सोडून दक्षिणेची वाट धरतात. साठलेल्या चरबीवर काही दिवस काढून, वयाच्या सुमारे 70 व्या दिवशी पिल्लू एका रात्री एकटेच समुद्रावर झेपावते. वाट दाखवायला सोबत कोणी नसते. रमसमोरच्या मॅलेग बंदरातल्या दिव्यांना भुलून काही पिल्ले रस्त्यावर उतरतात. गावकरी ती उचलून पुन्हा समुद्राकडे सोडतात.

जाताना पश्चिम आफ्रिकेच्या बाजूने खाली उतरून, अटलांटिक ओलांडून, ब्राझीलमार्गे अर्जेंटिनाजवळचा समुद्र गाठायचा. एकेरी मजल सुमारे 10,000 किमी. परतीची वाट बरीच पश्चिमेकडून, कॅरिबियनच्या बाजूने.

1952 मध्ये स्कोखोमवरचा एक पक्षी विमानाने बॉस्टनला नेऊन सोडला. साडेबारा दिवसांत, सुमारे 5,000 किमी अंतर कापून तो आपल्या बिळात हजर झाला. त्याला सोडल्याचे कळवणारे पत्र नंतर पोहोचले! कुलातल्या इतर जातींवरील प्रयोगांत अशा दिशाज्ञानात वासाचा मोठा वाटा आढळला आहे.

आयुष्य दीर्घ. उत्तर आयर्लंडच्या कोपलँड बेटावर 1953 मध्ये प्रौढ असताना पायात कडे घातलेला पक्षी 2003 मध्ये पुन्हा हाती लागला.

बिळात शिरणारे उंदीर हा गलपेक्षाही मोठा शत्रू. ज्या आइल ऑफ मॅनवरून या पक्ष्याला नाव मिळाले, तिथल्या काफ ऑफ मॅन बेटावरची वसाहत उंदरांनीच बुडवली. पक्षी परतायला विसावे शतक उजाडले. वेल्सच्या रॅमसी बेटावर 1999–2000 च्या हिवाळ्यात उंदरांचा नायनाट केल्यावर हजाराच्या आत असलेल्या जोड्या पुढे काही हजारांवर गेल्या.